साठ वर्षांच्या बाईचे दात

बाळांनो, घटकाभर असं समजा की तुम्ही बैल आहात. तरणाबांड नव्हे, चांगला म्हातारा बैल. म्हशाची जत्रा उद्यावर आली आहे आणि मालकाला तुम्हाला विकायचं आहे. तो काचेच्या तुकड्यानं तुमची शिंगं तासतो, त्यांना तेल लावतो, अंग घासून धुतो, गळ्यात नवी घुंगुरमाळ घालतो. तुमचं तुम्हालाच वाटायला लागतं की आपण परत वासरू झालो. मग गिऱ्हाईक येतं. ते शिंगांकडे बघतसुद्धा नाही. सरळ तुमचा खालचा ओठ ओढतं आणि दात बघतं. पुढचे आठही दात आले असतील तर बैल 'जुळला' म्हणायचा. ते झिजून खुंट झाले असतील तर तुम्ही म्हातारे. मग घुंगुरमाळ कितीही वाजू दे.

शकूला हे तिच्या बाबांनी, देवजींनी, शिकवलं होतं. त्यांचं घर शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या वरच्या अंगाला. गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या पौषातली आहे. देवजी, शकू आणि शकूची अंबूआत्या शेजारच्या नामाच्या गाडीत बसून मुरबाडकडे म्हशाच्या जत्रेला आले होते. देवजींना बैल घ्यायचा होता. अंबूआत्याला घोंगडी घ्यायची होती.

घोंगडीचं काम बैलाइतकंच निकडीचं होतं. आत्या आणि शकू एका घोंगडीत झोपायच्या आणि त्या घोंगडीला मधोमध भोक होतं. भोक जिच्या वाट्याला येई तिची पाठ सकाळपर्यंत दगड होऊन जाई. आत्यानं लोकांचं भात झोडून पैसे साठवले होते आणि ते कनवटीला बांधून आणले होते.

सकाळी देवजींनी बैल घेतला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या हातांवर एक फडकं टाकायचं आणि आत एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं जास्त, तितकं मोल जास्त. शकूनं हे सगळं नीट बघून ठेवलं.

मग आत्या आणि शकू घोंगड्यांच्या दुकानांकडे निघाल्या, मागून देवजी नवा बैल घेऊन येत होते, आणि वाटेत एक तंबू लागला.

तंबूच्या दाराशी कोट घातलेला एक मुंबईचा माणूस उभा होता. त्याच्याजवळ खुर्चीवर जरीच्या लुगड्यातली एक बाई बसली होती. "या बाईंचं वय साठ!" तो ओरडत होता. "घरी नातवंडं आहेत! रोज यौवनदीप मलम लावतात!"

बाईच्या तोंडावर एक सुरकुती नव्हती. ती हलतही नव्हती.

कोटवाल्यानं दुसरी खुर्ची पुढे केली. "या बाईसाहेब, बसा."

अंबूआत्यानं मागे वळून पाहिलं. मागे एक शेळी होती. म्हणजे बाईसाहेब आपणच, हे लक्षात आल्यावर ती बसली. बाळांनो, गेल्या लग्नसराईत एका मुलीनं तिला "आजी, सावलीत बसा" म्हटलं होतं. आत्या तेव्हा चाळिशीची होती. ती सावलीत बसली नाही, पण ते विसरलीही नाही.

"यात काय हाय वो?" तिनं विचारलं.

"हिमालयातली वनस्पती, काश्मीरचं केशर आणि मोत्यांची भुकटी."

शकूनं डबी हुंगली. "आत्ये, खोबरेलाचा वास येतो गो."

"हिमालयाचा वास असाच असतो, बाळ."

किंमत त्यानं कानात सांगितली. एका चांगल्या घोंगडीएवढी होती.

"एवढीशी डबी, नि येवढं मोल?"

"बाईसाहेब, स्वस्त असती तर तुम्ही भरवसा ठेवला असता का?"

आत्याला हे पटलं. घोंगडीवाले बिचारे सकाळपासून 'स्वस्त, स्वस्त' म्हणून ओरडत होते.

"एका डबीनं होईल ना?"

"एका डबीनं सुरुवात होते."

"मंग संपतं कदी?" शकूनं विचारलं.

"ही मुलगी तुमची का?" कोटवाला आत्याला म्हणाला.

आत्या कनवटीची गाठ सोडायला लागली. शकूला पाठीवर आत्ताच गार वारा लागल्यासारखं वाटलं. ती साठ वर्षांच्या बाईजवळ गेली, अंगठ्यानं तिचा खालचा ओठ ओढला आणि वाकून आत पाहिलं. बाईला हलायचं नाही असं बजावलेलं असावं. ती हलली नाही.

"बाबा!" शकू ओरडली. "जुळलीय! पन एक बी दात झिजला नाय!"

जत्रेला निम्मे लोक बैल घ्यायला आलेले. ते सगळे तंबूशी जमले.

"मलमानं दातसुद्धा तरुण होतात," कोटवाला म्हणाला.

"आसं?" देवजी म्हणाले. "मंग त्या आमच्या गावच्या महादूच्या बैलाला लावा. त्याचे खुंट झालेत. दात आले तर तुमच्या सगळ्या डब्या आमी घेऊ."

महादूनं लगेच बैल पुढे आणला.

"हे फक्त माणसांसाठी आहे."

"मंग मला लावा," महादू म्हणाला आणि त्यानं तोंड उघडलं. आत दोन दात होते.

साठ वर्षांच्या बाईला हसू फुटलं. तिचे सगळे दात सगळ्यांना दिसले. कोटवाल्याला आठवलं की आपल्याला कल्याणला जायचं आहे, आणि तो डब्या भरायला लागला.

अंबूआत्या खुर्चीवरून लवकर उठली नाही. मग तिनं कनवटीची गाठ परत बांधली आणि घोंगडीवाल्याकडे गेली. तो तिला "ये गो मावशे" म्हणाला. तिनं काळी, जाड, बिनभोकाची घोंगडी घेतली.

परतीच्या वाटेवर नवा बैल गाडीमागे चालत होता. आत्या घोंगडी मांडीवर घेऊन बसली होती.

"शके," ती हळूच म्हणाली, "माजे बग."

आणि तिनं तोंड उघडलं. देवजी पुढे नामाशेजारी बसले होते. ते रस्त्याकडेच बघत राहिले.

शकूनं शिकवल्याप्रमाणे ओठ ओढून पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते. बाकीचे झिजलेले आणि मिश्रीनं काळे झालेले होते. तिनं नवी घोंगडी दोघींच्या हातांवर ओढली, आत आत्याचा हात चाचपला आणि पाचही बोटं घट्ट धरली. मग थोडा विचार करून तिनं दुसऱ्या हाताचीही पाचही धरली.