हरल्याचे पेढे

पेढ्यांचा पुडा फ्रिजवर होता, आणि ते पेढे वाटायचे की नाही, हेच मला कळत नव्हतं. यात न कळण्यासारखं काय आहे, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. त्यांनी आमच्या घरी चार दिवस राहून बघावं.

माझी वर्षाली शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. मागच्या वर्षी त्या एकूण एक मॅच हरल्या. मग यंदाच्या सुरुवातीला आमचे हे जेवता जेवता बोलून गेले, "या घरातून पेढे वाटले गेले तर खेळ. नाहीतर पुढच्या वर्षी दहावी आहे, खेळ बंद." हे चाकणला कंपनीत क्वालिटीला आहेत, माल तपासून पास-नापास करतात, एकदा बोलले की बोलले. मला तेव्हाच वाटलं, पोरीचा खेळ संपला.

आणि यंदा कार्ट्या थेट फायनलला. पहिल्या मॅचला समोरची टीम आलीच नाही, त्यांची बस देहूरोडला ट्रॅफिकमध्ये अडकली. बसल्याजागी विजय. पुढच्या दोन मॅच मात्र खऱ्याखुऱ्या जिंकल्या, ओरडून ओरडून माझा घसा बसला. आज फायनल म्हणून सकाळीच हौसेनं पेढे आणून ठेवले. तर आज असा सपाटून मार खाल्ला की शेवटी शेवटी मी स्कोअरबोर्डकडे बघायचंच सोडलं.

आता ही जीत म्हणायची की हार? त्यांच्या कोच मिनल मॅडम म्हणाल्या, "अहो, शाळेची टीम फायनलला कधी गेली होती का?" खालच्या मजल्यावरच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांची बस अडकली म्हणून पुढं गेल्या, त्यात कसलं कौतुक?" मला दोघींचंही पटलं. माझं हे असंच आहे, भाजीवालासुद्धा मला गुंडाळतो. यांना फोन लावला तर म्हणाले, "माल एकतर ओके असतो नाहीतर रिजेक्ट." मेला तो माल. इथं पोरगी रडतेय.

ती आल्यापासून उशीत तोंड खुपसून पडली होती. दोन घास खा म्हटलं, नाही. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मागच्या वर्षी सगळ्या हरलात तेव्हा येताना वडापाव खाऊन आलीस. आणि आज दुसरा नंबर आला तर सुतक पाळतेस?"

ती उठून बसली. नाक लालभडक झालं होतं.

"मागच्या वर्षी माहीतच होतं ना आई, हरणार. आज वाटलं होतं, जिंकू."

ऐकून वाईट वाटलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं. मी पुडा उचलला आणि खाली गेले.

कौशल्याबाईंनी दार उघडलं. "अगं बाई, पेढे? कसले?"

आली का पंचाईत. जिंकली म्हणावं तर खोटं, दुसरी आली म्हणावं तर मध्ये ती बस आडवी येते. तोंडातून निघून गेलं, "वर्षाली रडतेय, त्याचे."

मागे जिन्यात हे उभे होते, हातात डबा घेऊन, नुकतेच कंपनीच्या बसमधून उतरलेले.

"पोरगी रडते म्हणून पेढे?"

"हो. हरल्याचं रडू आलं तिला, मागच्या वर्षी येत नव्हतं. आणि पेढे घरातून गेलेत, तेवढं लक्षात ठेवा."

त्यांनी पुड्यातून एक पेढा घेतला आणि सवयीनं उलटसुलट करून बघितला.

"मग? ओके की रिजेक्ट?" मी विचारलं.

"मला काय माहीत," ते म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते जिना चढून वर गेले. मी खालीच कान देऊन उभी राहिले. वरून यांचा आवाज आला,

"वर्षाली, ऊठ, जेवून घे. पुढच्या फायनलला मी रजा टाकतो."

यांच्या तोंडात पेढा होता, तरी मला नीट ऐकू आलं.