हातानं हुशार

आमच्या घराण्यात ढ मूल कधी जन्मलंच नाही. जे जन्मलं त्याला आम्ही 'हातानं हुशार' म्हणतो. मी त्यातली पहिली. चौथीत असताना एकदा दुपारी जेवताना, तोंडातला घाससुद्धा न गिळता, बाबांनी निकाल देऊन टाकला, "गुड्रुन हातानं हुशार आहे." झालं! पाचवीपासून माझी रवानगी मधल्या दर्जाच्या, हातकामाकडे नेणाऱ्या शाळेत. धाकटा भाऊ हार्टमूट गिम्नाझियमला गेला, म्हणजे जिथून पुढे विद्यापीठाचं दार उघडतं त्या शाळेत, आणि हृदयाचा डॉक्टर झाला. मी बांबर्गमध्ये चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. आई एक, बाप एक. लहानपणी त्याच्या बेरजा-वजाबाक्या कोण करून द्यायचं, ते विचारा त्याला. माझ्यात होतं, बाबांनी बघितलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी आजवर मान ताठ ठेवून जगले.

हार्टमूट आणि उल्रिकेला मूल झालं नाही. त्यांनी स्वेन्याला दत्तक घेतलं तेव्हा ती कापडात गुंडाळलेलं गाठोडं होती. तिचे आईबाप कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारायचं नाही असं ठरलं होतं. तसंही आम्हा जर्मनांत रक्ताच्या गोष्टी कुणी जेवणाच्या टेबलावर काढत नाही. आजोबांच्या पिढीनं त्या इतक्या काढल्या की आम्हाला जन्मभर पुरल्या.

भावजय विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवते. कोणतंही मूल ढ जन्मत नाही, आपण त्याला ढ करतो, हे तिचं मत. मत कसलं, धर्मच तो. वर मलाच पुरावा म्हणून दाखवायची. पाहुण्यांसमोर म्हणायची, "आमच्या गुड्रुनताईच बघा ना. ताईंचं आणि हार्टमूटचं रक्त एकच. मग फरक का पडला? ताईंवर कुणी मेहनतच घेतली नाही!" मला बरं वाटायचं आणि रागही यायचा. पण बरं जास्त वाटायचं, खोटं कशाला बोलू?

स्वेन्यावर मात्र मेहनतीत कसूर नव्हती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाढ्याचं कार्ड. वर जायचं तर उत्तर देऊन जायचं. व्हायोलिन, बुद्धिबळ, शनिवारी गणिताची शिकवणी. पोर गुणी होती, एका शब्दानं कुरकुरायची नाही. माझ्याकडे आली की ॲस्परॅगस अशी सुरेख सोलायची की एक देठ मोडायचा नाही. मी कौतुक करायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. कारण 'हाताला गुण आहे' म्हणायचं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

यंदा ती चौथीत. मेच्या सुरुवातीला बाईंनी गुण दिले ते गिम्नाझियमला पुरणारे नव्हते. अशा मुलांसाठी एक शेवटची वाट असते. गिम्नाझियममध्येच तीन दिवस परक्या वर्गात, परक्या मास्तरांसमोर बसायचं आणि आपण लायक आहोत हे दाखवायचं. उल्रिकेनं विद्यापीठातून रजा काढली. सकाळ-संध्याकाळ जर्मन आणि गणित, गणित आणि जर्मन. स्वेन्याचं पोट दुखायला लागलं. नखं तिनं पार मुळापर्यंत खाल्ली.

"आत्या, मी अजून थोडा प्रयत्न केला तर होईल ना गं?" तिनं मला विचारलं.

"किती करशील, बाळा?"

"आई म्हणते, होत नाही म्हणजे प्रयत्न कमी पडला."

मला उल्रिकेच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. पण माझ्यासाठी असं कुणी जीव टाकला असता तर, हेही मनात आलंच.

निकाल लागला त्या दुपारी मी त्यांच्याकडेच होते. शाळेतून फोन आला. मुख्याध्यापक फार गोड बोलले असावेत, कारण उल्रिके सारखी "हो, हो, धन्यवाद" म्हणत होती. फोन ठेवून ती टेबलाशी येऊन बसली. दोन्ही विषयांत नापास, आणि थोडक्यातही नाही. स्वेन्यानं ताटातल्या बटाट्यांकडे पाहत विचारलं, "मी कुठे कमी पडले?"

मी तिला म्हटलं, "जा बाळा, बागेतून थोडी कांद्याची पात घेऊन ये." ती गेली.

हार्टमूट पाणी प्यायला आणि अगदी बाबांच्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे ना आता. काही मुलं हातानं हुशार असतात."

"हार्टमूट, तो शब्द या घरात नको!" मी ओरडले.

"मग कुठला शब्द आणू, ताई?"

"थांबा हो, ताई," उल्रिके म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दहा वर्षं मी माझं काम बाजूला टाकलं, झोप टाकली, सगळं तिच्यात ओतलं. अहो, तळच नाही त्या भांड्याला! नाहीच मुळी तिच्यात. जन्मताच नव्हतं. कुणाची कोण ती, काय घेऊन आली, मी कुठून आणू?"

हे उल्रिके बोलली. हार्टमूट बोलला असता तर मी समजू शकले असते. तो इतकी वर्षं हेच मनात धरून होता आणि सभ्यपणे गप्प होता. आता तो बायकोकडे असा पाहत राहिला, जणू तिनं भर चौकात कपडे उतरवले.

आणि दारात पात घेऊन स्वेन्या उभी होती.

"जन्मताच?" तिनं विचारलं.

उल्रिके उठली तशी खुर्ची मागे पडली. "नाही गं राणी, मी रागात बोलले. तसं काही नसतं. तुला सगळं येईल. पुढच्या वर्षी पुन्हा संधी असते, आपण नव्यानं..."

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"चूक कशी असेल? आपण अजून मेहनत..."

"नको ना आई!" पोर किंचाळली. या पोरीचा आवाज एवढा चढू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "ते बोललेलं परत घेऊ नकोस ना! तेच खरं असू दे. प्लीज, तेच असू दे!"

उल्रिकेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती बाहेर निघून गेली. तिच्यामागे हार्टमूट. मला वाटलं स्वेन्या आता रडेल. ती खुर्चीवर बसली आणि जेवायला लागली. बटाटे संपवले, माझ्या ताटातलं सॉसेज मागून घेतलं, तेही संपवलं. कित्येक महिन्यांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा सैल पडला होता. दहा वर्षांच्या पोरीचा चेहरा, आणि त्यावर निवृत्त झालेल्या माणसाचं समाधान.

तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं की आईनं रागात खोटं सांगितलं. माझ्यात आणि तुझ्या बाबांत एकच रक्त, तरी माझं काय झालं बघ. रक्ताबिक्तानं काही ठरत नसतं, तू हात टेकू नकोस. पण हे सांगायचं म्हणजे पुन्हा तिच्या हातात पेन्सिल द्यायची, पुन्हा ते पोट दुखणं, पुन्हा 'मी कुठे कमी पडले?' आणि नाही सांगायचं तर ती या वयात स्वतःला बंद करून घेणार, कायमची.

तिनं तोंड पुसलं. माझ्याकडे इतक्या आशेनं पाहिलं, जणू तिला या घरात अखेर आपलं माणूस सापडलं होतं.

"आत्या, तुझ्यातही नव्हतं ना?"

मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"नव्हतं गं," मी म्हणाले. "जन्मापासूनच नव्हतं."