दुखण्याची हजेरी

मी गुडघ्याला बांधायचा पट्टा बोलतोय. नाक मुरडू नका. बावीस वर्षांपूर्वीचा घाम मुरलाय, वास येणारच.

एका नर्सबाईंनी मला औषधांच्या दुकानातून नवऱ्यासाठी आणलं. नवरा राष्ट्रीय फुटबॉल संघात बचावपटू. गुडघा सुजलेला, पण प्रशिक्षकांना त्यानं पत्ता लागू दिला नाही. एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, हे त्याचं गणित. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "सवय म्हणून बांधतो." असा अख्खा हंगाम त्यानं माझ्या जिवावर काढला. मग एके दुपारी नुसता वळला आणि सांधा निखळला. सत्ताविसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला.

पुढे तो प्रशिक्षक झाला. आधी शाळा, मग क्लब आणि शेवटी राष्ट्रीय संघ. सगळे त्याला सर म्हणू लागले. सरांनी आपल्या खोलीत मला खिळ्याला टांगलं आणि एक रीत पाडली. सामन्याआधी प्रत्येक खेळाडूनं एकट्यानं आत यायचं, दार लावायचं आणि कुठं दुखतंय ते सांगायचं. खरं सांगणाऱ्याला विश्रांती, आणि त्याची जागा राखून ठेवलेली. पोरं चेष्टेनं याला दुखण्याची हजेरी म्हणत. एकानं तर सासू हेच दुखणं सांगितलं. सर पोट धरून हसले होते.

मग तो सामना आला. जिंकलो तर पहिल्यांदाच विश्वचषकात प्रवेश. हरलात तर गाशा गुंडाळा, असं महासंघाच्या अध्यक्षांनी सकाळीच फोनवर सुनावलं होतं.

हजेरीला चिमणी आला. चणीनं लहान, पळायला सगळ्यांत चपळ, म्हणून हे नाव.

"सर, उजवा गुडघा. जिना उतरताना कळ येते."

 सरांनी मला खिळ्यावरून काढलं आणि स्वतः त्याच्या गुडघ्याला बांधलं.

"अर्धाच तास खेळ. मग मी तुला बाहेर घेतो."

चिमणीनं मान डोलावली. सरांना नाही कोण म्हणणार?

अर्धा तास झाला, मध्यंतर झालं. गोल कुणाचाच नव्हता आणि सर बाकावरून हलले नाहीत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथं ठेच लागलेलाच शहाणा झाला नाही. मी घट्ट होतो, पण मी सूज आवळतो, सांधा नाही धरू शकत. सत्तराव्या मिनिटाला चिमणीनं गोल केला. दोन मिनिटांनी, आसपास कुणी नसताना, तो खाली बसला. सांधा निखळल्याचा तो आवाज मी पूर्वी एकदा ऐकला होता. मला रडू आलं.

आम्ही जिंकलो. लोकांनी सरांना खांद्यावर घेतलं. मी त्यांच्या बॅगेतून घरी गेलो. नर्सबाईंनी अभिनंदन केलं नाही.

"त्यानं तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"तुमच्या प्रशिक्षकांना निदान माहीत तरी नव्हतं."

सर जेवले नाहीत. चिमणीवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो आता काठी घेऊन चालतो.

गेल्या आठवड्यात विश्वचषकाचं शिबिर सुरू झालं. मी पुन्हा खिळ्यावर. हजेरीला तेवीस जण आले आणि तेवीसही जणांचं काही दुखत नव्हतं. त्यातला एक चक्क लंगडत आला. सरांनी त्याला दोनदा विचारलं. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ठणठणीत आहे, सर."

तुमच्यापैकी कुणाचा हात पोचत असेल तर मला इथून उतरवा. माझ्यासमोर आता कुणी खरं बोलत नाही.