सुलीचा उपास

रोझमे मातांतच्या, म्हणजे सगळ्या गल्लीच्या रोझमे मावशीच्या, दारातून कुणी उपाशीपोटी बाहेर पडल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. टपाल घेऊन येणाऱ्यालासुद्धा ती दारात उभं करून चार घास भरवायची. त्यामुळे तिचा भाचा सुली प्लेटलेट द्यायला निघाला, तेव्हा तिने काय केलं असेल ते निराळं सांगायला नको.

त्या वर्षी चिकुनगुन्याने रेयुनियों बेटावर घरटी एक माणूस वाकवून ठेवला होता. साथीच्या भीतीने बेटावर रक्त घेणं बंद होतं. ते समुद्रापारहून विमानाने यायचं, पण प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून त्या बेटावरच घ्याव्या लागत. त्यात शेजारच्या गास्तोंच्या अनाएलला रक्ताचा कॅन्सर झालेला. त्या सात वर्षांच्या पोरीला कुणाच्याही प्लेटलेट चालेनात, चालल्या त्या फक्त सुलीच्या. त्या प्लेटलेटमध्ये औषध मिसळून पिशवी खास दिव्यांखाली ठेवायची. विषाणू लपला असेलच तर त्या उजेडात निकामी व्हायचा, आणि मगच पिशवी पोरीला लावायची.

"उपाशी येऊ नका," असं फोनवर नर्स म्हणाली होती. रोझमेला तेवढं पुरे होतं. त्यातून गास्तोंने उपकार फेडायचे म्हणून आपला लाडका बोकड कापून अख्खी मांडी पाठवलेली. रोझमेने मसाला वाटून, चरबीसकट ती शिजवली आणि सुलीने मागेपुढे न पाहता तीनदा वाढून घेतलं.

रोझमे सोबत गेलीच. रक्तकेंद्रात आधी सुलीचं नळीभर रक्त घेऊन यंत्रात फिरवलं. वर पिवळसर पाणी यायचं, तिथे दुधासारखं पांढरं आलं. डॉक्टर काझाल बाईंनी नळी वर धरली.

"सुली, काय खाऊन आलास?"

"थोडंसं... मटण."

"थोडंसं कसलं!" रोझमे मोठ्या अभिमानाने म्हणाली. "तीनदा वाढलं मी."

"मातांत, ही सगळी चरबी रक्तात उतरलीय. या दुधातून उजेड आरपार जाणार नाही. उजेड गेला नाही तर विषाणू तसाच राहणार, आणि अनाएलच्या अंगात त्याच्याशी लढायला काही उरलेलं नाही. आता उद्या सकाळी या. तोवर भात आणि पालेभाजीचं पाणी. तेलाचा थेंब नको."

"आणि पोरगी?"

"हिरड्यांतून रक्त येतंय. आजची रात्र निघावी."

निघावी म्हणाल्या, निघेल म्हणाल्या नाहीत.  रोझमेच्या वाढायच्या ज्या डावाने आजवर सगळ्यांना जगवलं, त्याच डावाने आज घात केला होता. त्याहून वाईट म्हणजे बोकड गास्तोंचा होता. लेकीसाठी कापलेला बोकडच लेकीच्या आड आला हे कळलं, तर तो बाप उभ्या उभ्या कोसळला असता.

"गास्तोंला एक अक्षर सांगायचं नाही," तिने बसमध्ये सुलीला दम दिला.

आणि संध्याकाळी गास्तोंच दारात! हातात पातेलं.

"उद्यावर गेलं म्हणे, मातांत. मग पोराला आणखी ताकद नको का? उरलेला बोकड आणलाय. माझ्यासमोर खाऊ दे त्याला."

सुलीचा हात झाकणापर्यंत पोचलासुद्धा होता. रोझमेने त्यावर फटका मारला.

"त्याचा उपास आहे!"

"कसला?"

"अनाएलसाठी धरलाय. देवळात निखाऱ्यांवर चालण्याआधी धरतात ना, तसा. मटण-मासळी बंद."

उपासाच्या माणसाला त्या बेटावर कुणी आग्रह करत नाही. गास्तोंचे डोळे भरून आले. "कधीपर्यंत?"

"ती घरी येईपर्यंत," रोझमे बोलून गेली. सुलीने मातांतकडे असं पाहिलं, की तिने मानच दुसरीकडे वळवली.

"मग मीही धरतो," म्हणत गास्तों पातेलं घेऊन माघारी गेला.

रात्र निघाली. सकाळी नळीतलं पाणी कोऱ्या चहासारखं नितळ होतं. पिशवी भरली, दिव्यांखाली हलत राहिली. दुपारी ती अनाएलला लावली आणि संध्याकाळपर्यंत हिरड्यांतलं रक्त थांबलं. रोझमे दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली.

पुढे सुलीने आणखी कितीदा तरी प्लेटलेट दिल्या. भोपळा आणि पाला खाऊन बिचाऱ्याची विजार सैल झाली. पण खोटं बोलून धरलेला उपास त्याने खराखुरा पाळला.

अनाएल घरी आली त्या दिवशी गास्तों तिला कडेवर घेऊन आला. दुसऱ्या हातात बाजारातून आणलेली बोकडाची मांडी.

"शिजव, मातांत. सुटला उपास."

सगळे पानावर बसले. रोझमेने सुलीला वाढलं, पुन्हा वाढलं. तिसऱ्यांदा डाव उचलला तेव्हा गास्तों हळूच म्हणाला, "आज खाऊ दे. पण पुढच्या वेळी द्यायला जाण्याआधी नको हं."

डाव हवेतच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरबाईंनी. दुसऱ्याच दिवशी."

"आणि तू एवढे दिवस बोलला नाहीस? उपास खोटा आहे हे ठाऊक असून वर स्वतःही उपाशी राहिलास?"

गास्तोंने लेकीच्या पानातलं हाड काढून बाजूला ठेवलं.

"बोकड माझाच होता ना, मातांत."