मुक्कद्दस आपांनी वजीर घेतला नाही

सेरगाझीने ‘छान खेळलास’ असं लिहिलं आणि तोलोमुश चरकला. सेरगाझी म्हणजे कारागांडाच्या कोळशाच्या खाणीत उभा जन्म घालवलेला कझाख माणूस. फुप्फुसात धूळ आणि जिभेवर शिवी, दोन्ही पेन्शनीबरोबर घरी घेऊन आलेला. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने व्याह्यांना ‘चोरांनो, बसा आता जेवायला’ म्हटलं होतं. तो कुणाला कशाला छान म्हणेल? तोलोमुशने फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं. छान खेळलास, भावा. आता जरा आराम कर.

आराम कर म्हणे! महिनाभरापूर्वी याच माणसाने त्याला ‘दोन पायांचं खेचर’ म्हटलं होतं आणि तोलोमुश दिवसभर खुशीत होता.

त्या चौघांची गाठ बुद्धिबळाच्या एका साइटवर पडली होती. तोलोमुश नारीनचा किरगीझ, चीनच्या हद्दीपर्यंत माल नेणारा ट्रकवाला. तोरुगार्तच्या घाटात जकातीच्या रांगेत ट्रक दिवसदिवस अडकून पडायचे. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे, हा फोनवर डाव मांडायचा. तिथेच आधी सेरगाझी भेटला, मग खुजंदचा शोदमोन, जो तंदुरात नान भाजता भाजता एका हाताने खेळायचा. शेवटी आल्या नमनगानच्या मुक्कद्दस आपा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. प्रत्यक्षात कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. चौघांनी मिळून चमू केला, त्याचं नाव ठेवलं ‘लंगडा घोडा’, आणि आपसात रशियन बोलायचे, तीही प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणी मोडलेली.

चमूचा नियम एकच. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला सगळ्यांसमोर एक टोमणा मारायचा, तोही ताजा. शिळा टोमणा दिला तर डाव धरला जायचा नाही.

‘किरगीझ असून घोडा फुकट घालवलास?’ सेरगाझी लिहायचा. ‘तुझ्या आजोबांना कळलं तर कबरीतून उठून कानाखाली वाजवतील.’

‘घालवला नाही, तुझ्यापुढे टाकला,’ तोलोमुश उलट लिहायचा. ‘कझाख माणूस उपाशी बघवत नाही आम्हाला.’

‘गप्प बसा दोघं,’ आपा मध्ये पडायच्या. ‘एकाला घोडा सांभाळता येत नाही, दुसऱ्याला तोंड.’

‘आपा, तुमच्या भांडणापायी माझी नानं करपली!’ शोदमोन ओरडायचा.

‘तुझी नानं रोजच करपतात, मठ्ठा. आमच्या माथी कशाला मारतोस?’

असं रोज. सकाळी दूध तापत असताना, दुपारी जेवल्यावर, घाटात बर्फ पडून रस्ता बंद झाला की दिवसभर. तोलोमुशला दोन सख्खे भाऊ होते, त्यांच्याशी तो वर्षात इतकं बोलत नव्हता.

मग ऑक्टोबरात बिश्केकला त्याचं पोट उघडलं. शुद्धीवर आला तेव्हा डॉक्टर त्याच्या बायकोशी, बुरुलशी बोलत होता, बाहेर वऱ्हांड्यात, दार ओढून घेऊन. आमच्याकडे रोग्याला त्याचा रोग सांगत नाहीत. घरच्यांना सांगतात, आणि घरचे तोंड धुऊन हसत आत येतात. बुरुलही तशीच आली. ‘व्रण होता,’ म्हणाली, ‘कापून टाकला. आता नुसतं खायचं आणि झोपायचं.’ तोलोमुशने मान डोलावली. स्वतःच्या बापाला त्याने असंच ‘छातीत थंडी बसलीय’ म्हणून सांगितलं होतं, आणि बाप त्याच थंडीने गेला होता. पण मानायचंच ठरवलं की माणूस काहीही मानतो, आणि तोलोमुशने ठरवलं होतं.

घरी येऊन त्याने फोन हातात घेतला आणि जिंकत सुटला. एकामागून एक डाव! शोदमोनला हरवलं, आपांना हरवलं, सेरगाझीला तर अशी मात दिली की त्याचं त्यालाच खरं वाटेना. पहिले चार दिवस तो बुरुलला हाका मारून मारून पट दाखवत होता. बुरुलला हत्ती कुठला आणि उंट कुठला ते कळत नव्हतं, तरी ती कौतुकाने पाहायची.

पण ती साइट मेली कुणाचीच लाज राखत नाही. डाव संपला की प्रत्येक चाल सोलून पुढे ठेवते: ही बरी, ही वाईट, ही घोडचूक. तोलोमुश एका सकाळी सगळे डाव उलगडत बसला आणि पाहतो तो काय, घोडचुका सगळ्या समोरच्याच्या. त्याही कसल्या! शोदमोनने हत्ती उघड्यावर टाकलेला. सेरगाझीने एका चालीत होणारी मात सोडून दिलेली. चांगली खेळणारी माणसं अशी एकाच आठवड्यात एकदम बावळट होतात का?

‘काय रे शोदमोन, हत्ती का सोडलास?’ त्याने विचारलं.

‘डोळ्यात पीठ गेलं, तोलोमुश आका. तुम्ही मात्र फार सुंदर खेळलात.’

आका, म्हणजे दादा! आजवर तो त्याला ‘ए डिझेल’ म्हणून हाक मारत होता. आणि टोमणा कुठे होता? कुणीच टोमणा मारत नव्हतं. चमूत नुसती साखर सांडली होती. तब्येत कशी आहे, जेवलास का, थंडीत बाहेर पडू नकोस.

तरी खात्री करायची म्हणून त्याने त्या दुपारी आपांशी डाव मांडला. आपा कुणाला कधी सोडत नसत. शाळेत त्यांनी म्हणे मुख्याध्यापकाच्या मुलालाही नापास केलं होतं. दहा-बारा चाली झाल्यावर तोलोमुशने आपला वजीर उचलला आणि सरळ त्यांच्या प्याद्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. कशाचाही आधार नाही, मागे डावपेच नाही. कालच खेळायला शिकलेलं पोरही तो उचलून घेईल.

आपांचं घड्याळ चालू लागलं. चालत राहिलं. तोलोमुश श्वास धरून बघत होता. घ्या ना आपा, तो मनात म्हणाला, घ्या आणि मला मठ्ठ म्हणा, तुमच्या पाया पडतो.

आपांनी पटाच्या दुसऱ्या टोकाचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

‘आपा, वजीर दिसला नाही का?’ त्याने लिहिलं.

‘डोळे अधू झाले रे माझे, बाळा.’

त्याने फोन उपडा ठेवला. खिडकीबाहेर नदीवरून धुकं वर चढत होतं, शेजारचा म्हातारा राख टाकायला बाहेर आला होता. सगळं नेहमीसारखंच होतं आणि तोलोमुशला मात्र आपण त्यातून आधीच उठून गेल्यासारखं वाटलं. भीती वाटली. तोरुगार्तच्या उतारावर एकदा ट्रकचा ब्रेक गेला होता, तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

बुरुल बाजारात गेली तशी त्याने सेरगाझीला फोन लावला.

‘काय झालंय मला?’

‘तुला काय धाड भरलीय! ठणठणीत आहेस,’ सेरगाझी म्हणाला, पण जरा घाईनेच म्हणाला.

‘बुरुलने कळवलं ना तुम्हाला?’

पलीकडून नुसता खोकला. खाणवाल्याचा घरघरता, पण ओढूनताणून आणलेला खोकला.

‘सेरगाझी, तू खोटं बोलायला कधी शिकलास रे? तुला येत नाही ते.’

‘शपथ घातलीय तिने,’ तो शेवटी म्हणाला. ‘माझ्या पोराबाळांची. फोनवर इतकी रडली ती, मी काय करणार होतो? म्हणाली, त्याला जिंकू द्या, हसू द्या जरा.’

‘मग नको सांगूस. शपथ पाळ तुझी. पण एक डाव खेळ माझ्याशी, खरा. पोटातलं दुखणं सोसतो मी, तुमचं हे गोड बोलणं सोसत नाही. जिवंतपणी माझ्या मयतीला येऊन बसलात तुम्ही तिघं.’

‘तोलोमुश...’

‘खेळतोस की नाही, कोळसेवाल्या?’

फोन कानाशी चालूच ठेवून त्यांनी डाव मांडला. सेरगाझी आधी चाचपडत खेळला. सातव्या-आठव्या चालीला तोलोमुशचं एक प्यादं एकटं पडलं, ते त्याने घेतलं नाही.

‘घे!’ तोलोमुश ओरडला. टाक्यांत कळ गेली. ‘घे, नाहीतर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही.’

मग त्याने घेतलं. आणि एकदा घेतल्यावर तो जुना सेरगाझी जागा झाला. उंट कोपऱ्यातून आला, हत्ती उघड्या पट्टीवर उतरला, आणि तोलोमुशच्या राजाभोवती जागा उरेना. तोलोमुश जीव तोडून खेळत होता. त्याला खरंच जिंकायचं होतं, अजूनही.

‘हा गेला तुझा उंट,’ सेरगाझीचा आवाज जाड झाला होता. ‘ट्रकवाल्या, परवाना लाच देऊन घेतला होतास का? चाक कुणीकडे वळवतोस ते तुलाच कळत नाही.’

‘तू बोलू नकोस. अंधारात जन्म गेला तुझा, तुला काळा घोडा कोणता आणि पांढरा कोणता हे तरी कळतं का?’

‘कळतं. जो मरतो तो तुझा.’

तोलोमुश हसला. बिश्केकहून आल्यापासून पहिल्यांदा तो असा हसला. पोट धरून हसावं लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं. थोड्याच चालींत त्याचा राजा अडकला.

‘मात,’ सेरगाझी म्हणाला.

‘सुटायला वाट होती कुठे?’

‘नव्हती.’

मग सेरगाझीने नाक ओढलं.

‘उघडलं आणि तसंच शिवलं तुला. काढलं काहीच नाही. सगळीकडे पसरलंय, तोलोमुश. शपथ गेली खड्ड्यात, माझी पोरं करतील मला माफ.’

‘किती दिवस?’

‘मार्चपर्यंत, नवरोजपर्यंत म्हणाला डॉक्टर. नशीब जोरावर असलं तर.’

आणि तो दांडगा म्हातारा पोरासारखा रडायला लागला, मध्येच डॉक्टरला, देवाला, साइटला, सगळ्यांना शिव्या घालत. तोलोमुशला रडू आलं नाही. त्याच्या छातीवरची एक शिळा उतरली आणि तिच्या जागी दुसरी, थंड आणि जास्त जड, येऊन बसली. पण ही निदान त्याची स्वतःची होती.

‘गप, गाढवा,’ तो म्हणाला. ‘त्या दोघांना सांग, उद्यापासून कुणी मला सोडलं तर चमूतून हाकलेन. आणि बुरुलला यातलं काही कळता कामा नये. तिला वाटू दे तू शब्द पाळलास.’

बुरुल परतली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. थंडीने झालं म्हणाली. मटणाचं हाडूक, गाजरं, कांदे ओट्यावर काढून ठेवता ठेवता तिचं तोंड एकसारखं चालू होतं. कोळसा महाग झाला. शेजारणीच्या गाईला वासरू झालं. मुलाचा, एर्मेकचा, बिश्केकहून फोन आला होता, त्याला जुलैत सुट्टी मिळणार आहे.

‘मी काय म्हणते, अहो, जुलैत आठवडाभर सरोवरावर जाऊ सगळे. माझ्या बहिणीकडे. जर्दाळू पिकलेले असतील तेव्हा.’

पाठमोरीच बोलत होती ती. किती वाईट खोटं बोलायची ही बाई! तिच्या खांद्यांकडे पाहून कुणालाही कळलं असतं, त्यालाच इतके दिवस कळलं नव्हतं. मला माहीत आहे, असं तोलोमुशच्या अगदी ओठांवर आलं. म्हणावं आणि दोघांनी गळ्यात गळे घालून रडावं, संपवावं एकदाचं. पण मग हिने काय करायचं? गेला महिनाभर ही बाई त्या एका खोट्यावर उभी होती. तेही त्याने काढून घेतलं, तर उद्या सकाळी ती चूल कशाच्या जोरावर पेटवणार?

‘आठवडाभर नको हं,’ तो म्हणाला. ‘जायचंच तर चांगले पंधरा दिवस राहू. तुझी बहीण कंटाळली तर कंटाळू दे.’

बुरुल वळली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की तोलोमुशला मान खाली घालावी लागली.

‘पोहायचं मात्र नाही हं तुम्ही,’ ती म्हणाली. ‘पाणी जुलैतही गार असतं.’

‘बघू. तू ओरडलीस तर नाही पोहणार.’

तिने हाडकाचा रस्सा, शोर्पो, केला आणि वाडगा त्याच्यापुढे ठेवला. वासानेच त्याला मळमळलं. चार घोट कसेबसे गेले, पाचवा घशात अडकला. ती समोर बसून बघत होती, हात मांडीवर, लग्नाच्या नव्या नवलाईत बघायची तशी.

‘छान झालंय,’ तोलोमुश म्हणाला. ‘आणखी वाढ.’

तिने वाडगा काठोकाठ भरला, आणि त्याने तो सगळा संपवला.