मी आटलेली नाही

मी शेवंती बोलतेय. कोल्हापूरची म्हैस. नावावर जाऊ नका, रंगानं मी काळीकुट्ट आहे. चार दिवसांची असताना मालकीणबाईंच्या, म्हणजे अंबूबाईंच्या अंबाड्यातली शेवंतीची वेणी मी तोंडात धरून ओढली. त्या ओरडल्या, मालक हसले, आणि तेव्हापासून मी शेवंती.

माणसं आम्हाला ढिम्म म्हणतात. म्हणू देत. ढिम्म उभं राहिलं की आजूबाजूचं नीट दिसतं, आणि मधल्या काळात आमच्या घरात जे झालं ते माझ्याइतकं सरळ कुणी पाहिलेलं नाही. बाकीचे सगळे खाली बघत होते.

माझे मालक आकाराम. रोज संध्याकाळी ते मला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेतात. तुम्ही बाहेरगावचे असाल तर सांगते. तिथं गिऱ्हाईक येऊन उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढतात आणि तो फेसाळ पेला ते उभ्याउभ्या पितं. एक गेलं की दुसरं येतं, म्हणजे मला थोड्याथोड्या वेळानं पुन्हा पान्हा सोडावा लागतो.

आता पान्हा म्हणजे काही नळ नव्हे. कासेला हात लावण्याआधी मालक आपलं कपाळ माझ्या कुशीला टेकवायचे आणि बोलायला लागायचे. "शेवंते, सरकी पेंड महागली बग. अन् तुज्या मालकिणीनं आज आमटीत मीठच घातलं न्हाई. बोललो न्हाई मी. बोलून मरायचंय व्हय?" असलं काहीबाही. मला त्यातल्या पेंडीशीच काय तो मतलब. पण त्या आवाजानं माझं अंग सैल व्हायचं आणि दूध आपोआप उतरायचं. दिवाळीच्या पाडव्यालाही तेच. शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून आम्हाला रस्त्यावर आणतात. मालक मोटारसायकलवर पुढं, मी मागं, मध्ये दोरी नाही. ते नुसती हाक मारायचे आणि मी गर्दीतून धावत सुटायची. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग मालकांच्या लेकानं, राजवर्धननं, त्यांना मोठा फोन आणून दिला.

पहिल्या दिवशी मालकांनी त्यात हरयाणाची एक म्हैस पाहिली. आखूड वळलेली शिंगं, घागरीएवढी कास. मालकांनी ती पुन्हा पाहिली, मग मलाही दाखवली. त्यात वाईट काही नव्हतं. आपल्या धंद्यातलं कुणाला बघावंसं वाटणार नाही? पण दुसऱ्या दिवशी फोननं त्यांना आणखी तशाच म्हशी दाखवल्या, तिसऱ्या दिवशी त्याहून मोठ्या. मालकांना वाटायला लागलं की जगातल्या सगळ्या म्हशी बादल्या भरतात आणि पेले भरणारी एकटी शेवंतीच.

सूनबाईंनी, वर्षाराणींनी, त्यांना समजावलंही. "मामा, आपलं बोट जिथं थांबतंय न्हवं, तेच त्यो परत परत दावतोय. सगळं जग तसं नसतंय."

"मग माजं बोट चांगल्यावरच थांबतंय की," मालक म्हणाले.

मला हे ऐकून गंमत वाटली. मी पाटीत तोंड घातलं की आधी पेंड शोधते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मला कुणी नुसती पेंड घालत नाही. घातली तर पोट फुगून मरेन मी. वर कडबा येतो, ओला चारा येतो, मी नाक मुरडते आणि खाते. मालकांना एवढं कळतं, पण ते माझ्या पाटीपुरतं.

आणि एकट्या मालकांना तरी कशाला बोल लावू? अंबूबाईंनी एकदा गुडघेदुखीचं औषध पाहिलं, त्यानंतर त्यांना रोज नवा आजार दिसू लागला. मला धुताना त्या स्वतःची नाडी बघायच्या. राजवर्धनला गाड्या दिसायच्या. वर्षाराणींना राजारामपुरीतल्या फ्लॅटांची चकचकीत स्वयंपाकघरं दिसायची आणि मग त्या आमच्या चुलीकडं बघून सुस्कारा टाकायच्या. सासऱ्यांना समजावणाऱ्या त्याच, बरं का. पूर्वी संध्याकाळी कट्ट्यावरून परतलं की ही चौघं अंगणात बसून एकमेकांना यथेच्छ बोलायची. कुणाचं तरी बिंग फुटायचं, कुणीतरी रुसायचं. आता चौघं तिथंच बसायची, पण मी शेपूट आपटलं तरी कुणी "काय गं?" म्हणत नव्हतं.

पुढं फोन धारेलाही आला. मालक तो घमेल्याला टेकवून ठेवायचे आणि माझ्या कासेला हात लावून नजर तिकडं लावायचे. कपाळ टेकवणं नाही, आमटीचं मीठ नाही. हात तेच होते, पण त्यांतला माणूस हरयाणात होता.

माझं दूध वर चढलं. पान्हा चोरला म्हणतात ना, ते. मी काही चोरलं नाही. येतच नव्हतं, मी काय करू?

राजवर्धन पोरगा हुशार. त्यानं बापाचा आवाज फोनमध्ये भरून घेतला. "आबा, तुमी निवांत बगत बसा. तुमचं बोलणं म्या लावतो." आणि घमेल्याजवळून मालकांचा आवाज आला, "शेवंते, ये गं बाई, ये." मी मान वळवली. मालक डावीकडं बसलेले, तोंड मिटलेलं, आणि आवाज उजवीकडून. त्याला तंबाखूचा वास नाही की घामाचा नाही, आणि दर वेळी तेच शब्द, त्याच चालीत. मी घमेलं लाथाडलं. फोन शेणात पडला. त्या दिवशी मला पेंड मिळाली नाही.

कट्ट्यावर गिऱ्हाइकं हात हलवत परत जाऊ लागली. मालक काळजीत पडले. त्यांनी काळजी कुणाला सांगावी? फोनलाच. म्हैस आटली तर काय करायचं, असं त्यांनी विचारलं मात्र, फोननं आटलेल्या म्हशींची रांग लावली आणि तिच्यामागं विकाऊ म्हशींची. लवकरच मालकांनी ठरवलं की मला विकायचं आणि फोनमधली एक आणायची.

अंबूबाई त्या दिवशी नाडी सोडून उठल्या. "पाण्यात म्हस अन् वर मोल म्हणत्यात, ते ह्येच. तिचं दात बगितल्यात तुमी? लाथ मारती का, ठावं हाय?"

"शेवंती तरी काय करतीया?" मालक म्हणाले.

पेठ वडगावच्या बाजारातला केरबा दलाल सकाळी घरी आला. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला, शिंगं धरून पाहिली आणि म्हणाला, "धार काढून दावा. बगितल्याबिगर दाव्याला हात लावायचो न्हाई मी."

मालकांनी सवयीनं फोन घमेल्याला टेकवला.

"त्यो ठेवा तिकडं," केरबा म्हणाला. "म्हस विकायची हाय का फोन?"

मालक ओशाळले. फोन खिडकीत ठेवून ते खाली बसले. त्यांनी कासेला हात लावला, पण धार येईना. नंतर माझ्या कुशीला ते कपाळ टेकलं. ते किती दिवसांनी टेकलं, हे मी मोजलेलं नाही, पण मला ते लगेच ओळखू आलं.

"शेवंते," ते हळू म्हणाले, "वडगावला बरं घर गावंल तुला. पाडव्याला आता कुणाच्या गाडीमागं पळशील गं? तुजी आय ह्याच गोठ्यात गेली. जाताना माज्याकडंच बगत हुती..." माझी कूस ओली झाली.

मला सगळं कळत होतं. दूध दिलं तर किंमत येईल आणि मी जाईन. नाही दिलं तर केरबा उठून जाईल. शहाणी असते तर आवळून धरलं असतं. पण तो आवाज डावीकडून, कुशीजवळून येत होता आणि त्याला तंबाखूचा वास होता. माझं अंग सैल झालं. दूध उतरलं ते थांबेचना.

केरबा खूश झाला. "आटलीया म्हणला हुता न्हवं?" म्हणत त्यानं खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. आमच्याकडं भाव टॉवेलाखाली, बोटं धरून ठरतो. मालकांनी हात दिला नाही. ते फेसानं भरलेल्या बादलीकडं बघत राहिले.

अंबूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "ती आटली न्हवती," त्या म्हणाल्या. "तुमीच आटला हुता."

मालकांनी उठून माझं दावं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. "न्हाई केरबा. ऱ्हाऊ दे."

केरबानं टॉवेल झटकून परत खांद्यावर टाकला. "च्या तरी पाजा मग. वडगावास्नं आलोय."

आता गोठ्याच्या दाराशी जी खुंटी आहे, तिच्यावर धारेच्या वेळी फोनची पिशवी लटकते. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. अंबूबाईंना अजून अधूनमधून नवा आजार होतो. मालक अजून हरयाणाच्या म्हशी बघतात, पण धार झाल्यावर, आणि मलाही दाखवतात. देखण्या आहेत, मी नाही म्हणत नाही. कधी कट्ट्यावर त्यांचा हात सवयीनं खिशाकडं जातो. मग मी पाय आपटते, ते हसतात आणि कपाळ टेकवतात.

तुमच्याही घरात कुणीतरी असं असेल. पूर्वी भरभरून बोलायचं, आता विचारलं तर "काही नाही" म्हणतं. ते आटलं असं ठरवून मोकळे होऊ नका आणि त्याचा उपाय फोनला तर मुळीच विचारू नका. फोन खुंटीला अडकवा, जवळ जाऊन बसा आणि आपल्या तोंडानं हाक मारा. लगेच काही मिळालं नाही तर उठू नका. पान्हा उतरायला वेळ लागतो.