डाव्या वळणावरचा दोष

नांदुरीचा घाट चढताना स्नेहल पगारची मोटारसायकल एका डाव्या वळणावर अचानक मेली आणि मागे बसलेल्या अण्णांसकट आडवी झाली. वेग नव्हताच, म्हणून दोघं बचावले. पण अण्णांचं मनगट मोडलं. पुढे प्लास्टर निघालं, तरी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून ते जे बोलले ते स्नेहलच्या मनातून निघेना. "क्लच लवकर सोडलास तू," ते म्हणाले होते. रागावून नाही, समजुतीच्या सुरात. तेच तिला जास्त लागलं.

अण्णा म्हणजे तिचे वडील सोमनाथ पगार, सटाणा डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर. यात्रेच्या गर्दीतही याच घाटातून सप्तशृंगी गडावर बस बिनधोक नेणारा माणूस. स्नेहलला गाडी शिकवली तीही त्यांनीच. त्यामुळे त्यांनी म्हटलं म्हणजे विषय मिटला. आत्या, चुलते, शेजारीपाजारी सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. एवढी अवजड गाडी पोरीला पेलली नाही, विकून टाक आणि स्कूटर घे, असं जो तो सांगू लागला.

स्नेहलला मात्र पक्कं आठवत होतं. तिने मूठ पिळली होती आणि इंजिनाने ऐकलं नव्हतं. तिच्या गाडीला जुन्या गाड्यांसारखी ॲक्सिलरेटरची केबल नव्हती. मूठ पिळली की आतले दोन सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला तसं कळवतात आणि तो इंजिनाची हवेची झडप उघडतो. दोघांचा निरोप जुळला नाही, तर धोका नको म्हणून कॉम्प्युटर झडप मिटून टाकतो. सपाटीवर गाडी नुसती मंदावली असती. घाटात मात्र ती जागच्या जागी बंद पडणार.

हे तिने सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं. तिथल्या अमोलने मनापासून तपासलं. स्कॅनरवर मुठीच्या सेन्सरच्या बिघाडाची जुनी नोंद दिसली, म्हणून त्याने अख्खी मूठच बदलून दिली. गाडी उत्तम चालायला लागली. आणि एका दुपारी कारखान्याच्या पार्किंगचा चढ चढताना पुन्हा तशीच मेली. पुन्हा नेली, तर तिथे जेव्हा जेव्हा चालू केली तेव्हा नीट चालली. अमोलने बिचाऱ्याने हात टेकले. त्या संध्याकाळी घरी येताना स्नेहलला पहिल्यांदा स्वतःच्याच हाताची शंका आली. खरंच आपलं काही चुकत असेल का?

अंबडच्या कारखान्यात ती इलेक्ट्रिकल पॅनेल तपासण्याचं काम करायची. तिथे एखादं पॅनेल मधूनच दगा द्यायला लागलं, की ती आधी पार्ट बदलत नसे. दगा नेमका कधी देतं ते बघत असे. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत हे आपण केलंच नाही, असं तिच्या लक्षात आलं. मग ती आठवत बसली. घाट आणि पार्किंगचा चढ. दोन्हीकडे इंजिन तापलेलं होतं. आणि दोन्हीकडे हँडल डावीकडे पार वळवलेलं होतं. सरळ रस्त्यावर हँडल इतकं कधी वळतच नाही. सर्व्हिस सेंटरमध्येही गाडी स्टँडवर उभी, हँडल सरळ, इंजिन थंड.

रविवारी ती वडाळा नाक्यावर जमीलभाईंकडे गेली. मूळचे मालेगावचे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेले जमीलभाई हल्ली गाड्यांच्या वायरिंगचंच काम करत. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, गाडीला बाहेरून काही बसवून घेतलं होतं का? तिने फॉगलॅम्प दाखवले. ते मान हलवत उठले.

आधी त्यांनी रेडिएटरचा पंखा फिरू लागेपर्यंत इंजिन तापू दिलं. स्कॅनरच्या पडद्यावर दोन्ही सेन्सरच्या रेषा दिसत होत्या. स्नेहलने मूठ पिळली, की दोन्ही जोडीने वर चढत आणि जोडीने उतरत. मग मूठ थोडी पिळून धरून तिने हँडल हळूहळू डावीकडे नेलं. अगदी शेवटाला टेकलं आणि एक रेष सपकन खाली पडली. इंजिनाचा आवाज बसला. हँडल सरळ केलं. रेष पुन्हा जागेवर.

"परत करा, ताई," जमीलभाई हळूच म्हणाले.

तिने परत केलं. रेष परत पडली. स्नेहलचे डोळे भरून आले आणि ती हसतही होती.

पुढचं काम सोपं होतं. फॉगलॅम्प बसवणाऱ्याने नव्या वायरींबरोबर मुठीकडून येणारी वायरींची जुडीही फ्रेमला पट्टीने करकचून आवळली होती. हँडल डावीकडे गेलं, की ती ताणली जायची. जमीलभाईंनी एकेक वायर चिमटीत धरून वाकवली. एक वायर मध्येच नको तितकी मऊ लागली. वरचं आवरण धड, आतलं तांबं तुटलेलं. गार असताना टोकं एकमेकांना टेकून राहायची. तापून ताण बसला की सुटायची. त्यांनी नवा तुकडा जोडला, झाळून पक्का केला आणि जुडी सैल बांधली. स्नेहलने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवलं. दोन्ही रेषा एकदाही वेगळ्या झाल्या नाहीत.

ती एकटीच दिंडोरी, वणीवरून नांदुरीला गेली आणि घाट चढून उतरून आली. मग घरी येऊन तो तुटका तुकडा अण्णांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो बराच वेळ वाकवून पाहिला.

"उद्या मला गडावर घेऊन चल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या वळणाशी अण्णांची पकड तिच्या जॅकेटवर घट्ट झाली. स्नेहलने हँडल डावीकडे घेतलं, मूठ पिळली आणि इंजिनाने भरदार आवाजात जबाब दिला. गाडी वळण ओलांडून सरसर वर निघाली. हेल्मेटच्या आत ती ओरडली, कुणाला ऐकू जाणार नव्हतं तरी.

गडावरच्या एसटी स्टँडवर अण्णांच्या ओळखीचे ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यांनी मनगटाची चौकशी केली. अण्णांनी स्नेहलला पुढे घेतलं.

"ही माझी पोरगी. मी हिला उगाच दोष दिला. खोट वायरीत होती, आन् हिनंच हुडकून काढली. हिच्या हातात काय बी खोट नाय."

मग तिच्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, "उतरताना ते वळण नीट दाखव मला. चढताना मी डोळे मिटले होते."